जुनं ओतून देण्याआधी

गारखेडा, संभाजीनगर
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय दीपे,

तुझ्या कोडखाली आज सकाळी मी जे लिहिलं, ते जगभरच्या लोकांनी वाचलं असेल. चारच ओळी, त्याही कोरड्या. हे पत्र मात्र तुझ्या एकटीसाठी. फोन केला असता, पण फोनवर आपण आधी भांडतो आणि मग ऐकतो.

काल करमाडला घरी गेले होते. दादा मेंढरं कोंडून बसले होते. त्यांनी विचारलं, "ती दौलताबादची दीपमाला नेमकं काय काम करती गं, पोरी?" मी म्हणलं, एका यंत्रात शेकडो प्रोग्रॅम चालतात. कुणी कशाला हात लावायचा, कुणी नाही, याचे नियम असतात. ते नियम वाचून यंत्राच्या मेमरीत मांडायचे आणि कुणी विचारलं की 'व्हय' किंवा 'नाय' सांगायचं, एवढंच करणारी एक लायब्ररी आहे. तिचं कोड दीपमाला लिहिते, मी तपासते. दादा म्हणाले, "म्हंजी दारावरचा गडी. पगार किती?" म्हणलं, सध्या काहीच नाही. "मग गडी नाय, पाव्हणा म्हण."

माझं भांडण त्या पाहुण्याशीच आहे. नवे नियम आले की तुझं फंक्शन आधी जुन्या नियमांनी धरलेली जागा सोडून देतं, आणि मग नवी फाईल वाचायला घेतं. फाईल नीट वाचून झाली तर छानच. पण मधेच तुटली तर? नवे नियम हातात आलेले नाहीत, जुन्यांची जागा यंत्राला परत देऊन झाली, आणि तू टिपून ठेवलेला पत्ता अजून त्याच जागेकडं बोट दाखवतोय. तिथं एव्हाना दुसऱ्याच कुणाचा पसारा असेल. आपला गडी तो पसारा वाचून हो-नाही सांगणार. वर शेवटी बंद होताना तीच जागा दुसऱ्यांदा सोडायला जाणार. तिथं तर सगळंच कोसळतं.

मला सगळं ठाऊक आहे, दीपे. हा बदल एप्रिलच्या आवृत्तीत गेला तर लायब्ररीवाले तुला मेंटेनर करतील. मग कोड मंजूर-नामंजूर करायचा अधिकार तुझ्या हाती येईल, पगार सुरू होईल आणि तू दौलताबादेत आण्णांजवळ राहशील. नाही गेला तर जूनमध्ये बंगळुरूची नोकरी. हे ठाऊक असून मी 'नामंजूर' लिहिलं.

लकव्यानंतर आण्णांचं बोलणं आता कळतं का? उजवा हात किती हलतो?

तुझी
रत्नमाला


दौलताबाद
१४ फेब्रुवारी २०२४

रत्ने,

'प्रिय' लिहायला पेन उचलेना, म्हणून नुसतंच रत्ने.

कॉलेजात वक्तृत्वाची ढाल दरवर्षी तू न्यायचीस आणि मी खाली बसून टाळ्या वाजवायचे. आता तू माझ्याच कोडावर भाषण केलंस. तेही छान जमलंय.

माझं म्हणणं ऐक. ही लायब्ररी लहान लहान यंत्रांतही चालते. त्यांची मेमरी किती, तर आपल्या होस्टेलच्या खोलीएवढी. दोघींच्या दोन कॉट टाकल्या की दार उघडायचं नाही. जुने नियम ठेवून नवे आणायचे तर जागा आणायची कुठून? म्हणून आधी जुनं काढलं. विचार करून काढलं आहे, बावळटपणे नाही. आणि फाईल मधेच तुटत नाही गं. मी सकाळ-संध्याकाळ चालवून पाहिलंय. एकदाही तुटली नाही.

सकाळी आण्णांच्या हाताचा व्यायाम घेते. ते डाव्या हातानं उजवा हात उचलतात आणि मांडीवर ठेवतात, दुसऱ्याचं तान्हं लेकरू ठेवावं तसा. बोलणं आईला कळतं, मला निम्मं कळतं. ते झोपले की पडवीत बसून हे कोड लिहिलं. सगळं काम बाजूला सारून लिहिलं.

तू एवढंच कर. आत्ता मंजूर कर. मे महिन्यात मी स्वतः दुरुस्त करीन. जगात असं जाणारं हे पहिलंच कोड नसेल. नंतर बघू म्हणून किती गोष्टी जातात.

दीपमाला


गारखेडा
१६ फेब्रुवारी २०२४

प्रिय दीपे,

तू 'प्रिय' गाळलंस तरी मी लिहिणार.

'नंतर बघू' हे दोन शब्द माझ्यासमोर नको काढूस. हे सगळं शहर त्या दोन शब्दांवर उभं आहे. आधी प्लॉट पाडा, रस्ते नंतर बघू. आधी फ्लॅट विका, पाणी नंतर बघू. आधी कारखान्यांना माळ द्या, माळावर चरणाऱ्यांचं नंतर बघू. आमच्या करमाडच्या माळाचं ते 'नंतर' अजून आलेलं नाही. दादा मेंढरं घेऊन डांबरी रस्त्याच्या कडेनं चारा शोधतात आणि ट्रकवाले हॉर्न वाजवून त्यांना शिव्या घालतात. इकडं गारखेड्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. त्यातही तिसऱ्या मजल्यावरच्या केसरबाई जिना उतरून विचारतात, "आज नक्की येणार का वो मॅडम?" नक्की कुणी सांगत नाही. ज्यांनी 'नंतर बघू' म्हणलं, त्यांच्या घरी रोज पाणी येतं. न आलेल्या पाण्याची किंमत नेहमी दुसराच मोजतो.

आपलं कोड कुणाच्या यंत्रात जाऊन बसेल, हे आपल्याला कळणारसुद्धा नाही. दवाखान्याच्या यंत्रात बसेल, पंपाच्या पेटीत बसेल. तिथली वीज जाईल आणि फाईल अर्धी राहील. तुझ्या पडवीत ती तुटली नाही, म्हणून त्यांच्याकडं तुटणार नाही असं नाही. ज्याला आपण कधी बघणार नाही, त्याच्याशीही खोटं बोलायचं नाही, एवढाच धर्म मला कळतो. बाकीचे मी पुस्तकांत वाचून सोडून दिले.

जागा कमी पडते, हे तुझं म्हणणं खरं आहे. त्यावर उपाय तुलाच सापडेल. मला सापडलेला नाही.

तू रागावलीस तरी चालेल. आण्णांना माझा नमस्कार सांग. नको, सांगू नकोस. मीच येऊन सांगेन.

रत्नमाला


दौलताबाद
३ मार्च २०२४

रत्नमाला,

काल रात्री ताटं वाढताना आई सहज बोलून गेली, "रत्नमालानं आण्णांचा शब्द ठेवला बघ." मी विचारलं, कोणता शब्द? आईनं जीभ चावली. आण्णा भिंतीकडं तोंड करून बसले. मग सगळं बाहेर आलं.

आण्णांनी तुला फोन केला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, तू 'नामंजूर' लिहिण्याच्या आधी. आईनं नंबर लावून दिला आणि त्यांनी तुला सांगितलं, पोरीचं काम पास करू नको.

आणि तू मला दोन पत्रं लिहिलीस. शहरावर लिहिलंस, धर्मावर लिहिलंस. 'दुसऱ्याशी खोटं बोलायचं नाही' असंही लिहिलंस. या फोनबद्दल एक अक्षर नाही. आण्णांचं बोलणं कळतं का, असं विचारलंस! तुला तर चांगलंच कळलं होतं.

तुमची मेंढरं उन्हाळ्यात आमच्या रानात बसायची. माझ्या बापानं कधी कुंपण घातलं नाही. त्याची परतफेड अशी करायची होती का?

मला उत्तर नको.

दीपमाला


गारखेडा
५ मार्च २०२४

दीपे,

उत्तर नको म्हणालीस, तरी देते. पहिल्यांदा मेंढरांचं. ती तुमच्या रानात बसायची आणि तुमच्या रानाला खत मिळायचं. 'घे मुंजाबा' म्हणत आण्णा दादांना पायलीनं धान्य द्यायचे आणि दादा ते मान वर ठेवून घ्यायचे. कुणी कुणावर उपकार केलेले नाहीत. हे तू रागात लिहिलंस, म्हणून एवढ्यावरच सोडते. पुन्हा लिहू नकोस.

आता फोनचं. व्हय, आला होता.

आधी चतुरा मावशी बोलल्या, मग त्यांनी फोन आण्णांच्या कानाला धरला. मला एकेक शब्द दोनदोनदा विचारावा लागला. आण्णा म्हणाले, "रत्ने, पोरगी माझ्यापायी हितं अडकायली. तू ती तपासणीस हायेस नव्हं? नापास कर तिला. बंगळुरूला जाऊंदे." मी म्हणलं, आण्णा, असं नसतं करता येत. चांगलं असेल तर मी चांगलंच म्हणणार. ते म्हणाले, "मी बापय, मला कळतंय." मी म्हणलं, मला कोड कळतंय, मी तेवढंच बघणार. तर रडायला लागले. मग मावशींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, दीपाला यातलं सांगू नको, त्यांना लई वाईट वाटंल. मी हो म्हणलं. ते हो म्हणायला नको होतं.

त्यानंतर तुझं कोड उघडलं आणि ती चूक दिसली. दिसली तशी मी लगेच लिहिली नाही. स्वतःलाच विचारलं, ही खरंच चूक आहे, की एका रडणाऱ्या म्हाताऱ्यासाठी मी ती शोधून काढली? दोन दिवस ते कोड दुसऱ्या कुणाचं आहे असं समजून वाचलं. तरी चूक तिथंच होती.

पण हे सगळं माझं म्हणणं झालं. तुझा माझ्यावर विश्वास उरलेला नाही, आणि तो का उरावा? तर ठेवूच नकोस. आपल्या कामात ही एक गोष्ट मला सगळ्यांत आवडते. इथं कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. माझ्या नाही, आण्णांच्या नाही, तुझ्याही नाही. एक नियमांची फाईल घे. तिचा शेवटचा अर्धा भाग कापून टाक. ती तुझ्या फंक्शनला दे, मग त्याला एक साधा प्रश्न विचार, आणि बघ काय होतं ते.

नीट चाललं, तर मी जाहीरपणे माफी मागेन आणि तपासणीचं काम सोडेन.

रत्नमाला


दौलताबाद
२७ मार्च २०२४

रत्ने,

पडलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी फाईल कापली, पण चालवली नाही. तू खोटी ठरावीस असं मला वाटत होतं, आणि तू खोटी ठरलीस तर काय, याचीही भीती वाटत होती. शेवटी चार दिवसांनी चालवली. अर्धी फाईल दिली आणि विचारलं, या प्रोग्रॅमला पासवर्डांच्या फाईलला हात लावता येईल का? त्यानं बेधडक सांगितलं, 'हो'. ज्याला कधीच परवानगी नव्हती, त्याला हो! पुन्हा विचारलं तर सगळंच कोसळलं. मी लॅपटॉप मिटला आणि गोठ्यात जाऊन बसले.

मला कळेना, मी हे असं लिहिलंच का? जागा कमी, हे कारण मी नंतर शोधलं होतं. लिहिताना तर मी विचारच केला नव्हता. हात आपोआप तिकडं गेला.

मग मागच्या शुक्रवारी टँकर यायचा होता. विहीर जानेवारीतच आटली. आई सकाळपासून तयारीत. वळणावर हॉर्न ऐकू आला तशी तिनं पिंपातलं उरलेलं पाणी गुरांच्या हौदात ओतलं, पिंप राखेनं घासलं आणि दारात उभं केलं. लहानपणापासून मी हेच पाहतेय, हेच करतेय. नवं येणार म्हणलं की शिळं ओतून द्यायचं, भांडं स्वच्छ करायचं. टँकर वळला तो मिटमिट्याकडच्या नव्या प्लॉटिंगवर गेला. आई रिकाम्या पिंपाजवळ उभी. आण्णांच्या गोळीला पाणी नाही. शेजारच्या दगडाबाईंच्या घरून तांब्याभर आणलं. त्या हसून म्हणाल्या, "चतुराबाई, टँकर दारात लागू तरी द्यायचा व्हता!"

मी तिथंच उभी राहिले. रत्ने, माझ्या फंक्शनमधली पहिली ओळ माझ्या आईनं लिहिली आहे.

आता नव्यानं लिहिलंय. आधी नवे नियम पूर्ण वाचायचे, वेगळ्या जागेत. पूर्ण आले तरच पत्ता तिकडं फिरवायचा आणि मग जुनी जागा सोडायची. मधे तुटलं तर नव्याचा अर्धवट पसारा आवरायचा आणि जुन्यावर काम चालू ठेवायचं. जागेचाही प्रश्न सुटला. आपण एकच नाव शेकडो ठिकाणी पुन्हा पुन्हा साठवत होतो. मी ते एकदाच ठेवलं आणि बाकी सगळ्यांनी तिथं बघायचं असं केलं. जिथं एक यादी मावायची तिथं आता दोन मावतात. तपास. दया करू नकोस.

मेंढरांचं लिहिलं त्याची लाज वाटते. दादांना सांगू नकोस.

पण राग गेलेला नाही. तो चुकीच्या गोष्टीवर होता, आता बरोबर गोष्टीवर आहे. आण्णा मला मोकळं करायला निघाले. तू त्यांच्या अश्रूंना जपायला निघालीस. आई तुम्हा दोघांनाही झाकायला निघाली. माझ्या आयुष्याचा निकाल तुम्ही तिघांनी फोनवर वाटून घेतलात. मला काय हवंय, हे एकानंही विचारलं नाही.

दीपमाला


गारखेडा
२ एप्रिल २०२४

प्रिय दीपे,

मी मंचावर उभी राहून लोकांना सांगत आले, बाईला विचारा, तिच्या वतीनं ठरवू नका. टाळ्या घेतल्या आणि घरी आले. माझ्या जवळच्या मैत्रिणीच्या बाबतीत मी ठरवणाऱ्यांच्याच रांगेत उभी होते, आणि मला ते दिसलंही नाही. तुझं पत्र वाचून मला माझीच भाषणं नकोशी झाली. थोडे दिवस गप्प बसणार आहे. केसरबाईंनी विचारलं, "मॅडम, तब्येत बरी हाय नव्हं?"

तुझं नवं कोड मी वाचलं. वाचताना दोनदा उठून उभी राहिले, इतकं ते सुरेख आहे. पण मंजूर मी केलं नाही. मेंटेनर मंडळींना उघड लिहिलं, की या कामाच्या बाबतीत लेखिकेच्या घरून मला फोन आला होता, तेव्हा निकाल माझ्या एकटीच्या हाती नको. त्यांच्यातले फिनलंडचे ते खडूस म्हातारे माहीत आहेत ना? जे कुणाला 'छान' म्हणत नाहीत. त्यांनी चार दिवस मागून घेतले आणि काल उत्तर दिलं. एका ओळीचं. 'यात मला काही सापडलं नाही.' त्यांच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच समज.

आता वाईट बातमी. एप्रिलच्या आवृत्तीचं दार परवाच बंद झालं. तुझा बदल पुढच्या खेपेला जाईल. मेंटेनर कुणाला करायचं, हे ते जूनमध्ये ठरवणार, आणि तुला बंगळुरूला हो किंवा नाही मेअखेर कळवायचंय. म्हणजे इकडचं कळायच्या आधी तिकडचं ठरवावं लागणार.

जा असं माझ्यानं म्हणवत नाही, थांब असंही म्हणवत नाही. जे पहिल्याच पत्रात विचारायला हवं होतं, ते आज विचारते. तुला काय हवंय?

रत्नमाला


दौलताबाद
९ जून २०२४

प्रिय रत्ने,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन महिने लागले. विचार करायला नाही, सांगायचं धाडस व्हायला.

मला हेच काम हवंय. आण्णा धडधाकट असते तरी हेच हवं असतं. इथं बसून, गडाकडं तोंड करून, एका ओळीवर दिवस घालवायचा आणि ती बरोबर झाली की कुणाला न सांगता उठून चहा करायचा. बंगळुरूत पगार चांगला आहे, पण तिथं मला फक्त नवं नवं लिहायला लावतील. जुनं राखायला कुणी देणार नाही. म्हणून मेअखेरीस 'नाही' कळवून टाकलं. मेंटेनरचं काहीही ठरलेलं नसताना. तू म्हणशील, आधी जुनं ओतून दिलंस. नाही. बंगळुरू माझ्या पिंपात कधी नव्हतंच. मेंटेनरचं काम न मिळालं असतं तर संभाजीनगरात शिकवण्या घेतल्या असत्या आणि रात्री हे केलं असतं.

आण्णांना सांगितलं तेव्हापासून त्यांनी माझ्या हातून गोळी घेतली नाही. आईच्या हातून घेत होते. एकदा मात्र बोलले, "बापाच्या खाटंला बांधून घेतलंस. लोक काय म्हणतील, पोरीला गिळलं म्हाताऱ्यानं." मी म्हणलं, तुमच्या खाटेला नाही. पण त्यांना पटलं नाही. शब्दांनी पटणाऱ्यातले ते नाहीत.

गेल्या सोमवारी निरोप आला. मला मेंटेनर केलंय, सहा महिने पारखून बघणार. खडूस म्हाताऱ्यांनी नाव सुचवलं म्हणे. त्याच दिवशी माझ्यापुढं मंजुरीसाठी पहिलं काम आलं. तुझं होतं. मी दोनदा वाचलं, दुसऱ्या कुणाचं आहे असं समजून. तुझ्या फंक्शनमधून बाहेर पडायच्या तीन वाटा आहेत. दोन वाटांवर तू घेतलेली जागा परत सोडतेस. तिसऱ्या वाटेवर, म्हणजे चुकीचा नियम सापडला तर, ती जागा तशीच धरून निघून जातेस. दिवसातून एकदा घडलं तर कुणाला कळणार नाही. पण चुकीचे नियम एकामागून एक येत राहिले, तर यंत्राची मेमरी संपत संपत जाईल. खाली 'नामंजूर' लिहिलंय, सकाळी बघशील. रागावलीस तर चार दिवस रागाव, मग दुरुस्त करून पाठव.

लिहून झालं तेव्हा आण्णा खाटेवरून बघत होते. माझा चेहरा काहीतरी वेगळा दिसला असेल. विचारलं, "काय झालं?"

"एकाचं काम परत पाठवलं."

"कुणाचं?"

"रत्नाचं."

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला. "मुंजाबाच्या रत्नीचं? तिला नाय म्हणलीस?"

"व्हय. चुकलं होतं."

"तिला राग यील."

"येऊ द्या."

बाहेर आई गुरांना हाकारत होती. मग आण्णा एकेक शब्द वेगळा करून म्हणाले, आणि मला या खेपेला एकही शब्द दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही.

"मंग तू माझ्यापायी नाय थांबलेली."

"नाय, आण्णा."

त्यांनी गोळीसाठी तळहात पुढं केला.

"मंग थांब."

तुझीच
दीपमाला